सहावा फर्मा

—तिथं नका बसू वहिनी, तिथून रस्ता दिसतो, आणि आपल्याला रस्ता दिसतो म्हणजे रस्त्याला आपण दिसतो. इकडे या, पुस्तकं दाबायच्या या शिकंज्याच्या मागे. ते स्टूल ओढा. हो, तेच, मास्तर बसायचे ते — एक पाय आखूड आहे त्याचा, डुलतं जरा, मास्तर म्हणायचे यावर बसून वाचलं की पेंग येत नाही. आणि मी ही हातोडी मधूनमधून मारतोय ना, तिकडे लक्ष देऊ नका. खाली नुसती फळी आहे. ठोकण्यासारखं काम आहे कुठं? चार दिवसांत एक गिऱ्हाईक वर चढलेलं नाही. पण समोरच्या चहाच्या दुकानात तपकिरी बुटांचा एक जण बसलाय, मंगळवारपासून बसलाय, एका कपावर दोन-दोन तास काढतो — त्याला ऐकू गेलं पाहिजे की वर काम चाललंय. हातोडी थांबली की तो मान वर करतो. मी पाहिलंय. म्हणून मी बोलता बोलता मारणार. तुम्ही दचकू नका. मी दचकतोय तेवढं पुरे.

पुस्तक न्यायला आलात, माहीत आहे. झालंय. मास्तरांचं ते जुनं हिब्रू शास्त्र — पाठ तीन ठिकाणी फुटली होती, कोपरे तर नुसतं बोट लावलं की भुगा. सगळं उसवलं, पुन्हा शिवलं, नवे पुठ्ठे, नवं कापड. फक्त मागच्या पुठ्ठ्याची खळ जरा ओली आहे. वजनाखाली ठेवलंय. दहा मिनिटं बसा. घाईनं नेलं तर पुठ्ठा वाकतो, मग जन्मभर तसाच. दहा मिनिटं. — मास्तरांचं काही कळलं? भेटू दिलं नाही? चष्मा नेला होतात म्हणे. तोही घेतला नाही? अरेरे. चष्म्याशिवाय मास्तरांना समोरच्याचं नाक दिसत नाही हो, कशावर सह्या घेतील त्यांच्या, त्यांना काय वाचून दाखवतील आणि काय लिहिलेलं असेल. नको. नको त्याचा विचार करायला. तुम्ही पाणी घ्या. नको? बरं.

मास्तर घरी किती बोलत होते मला माहीत नाही, फार नसतीलच, म्हणून पहिल्यापासून सांगतो, आणि नीट ऐका, कारण उद्या तुम्हालाही विचारतील. लढाई सुरू झाली आणि त्या सरकारी प्रचाराच्या ऑफिसातनं मास्तरांना बोलावणं आलं. सैनिकाच्या खिशात मावेल अशी पुस्तिका हवी होती — हिब्रू शास्त्रातल्या संदेष्ट्यांनी परक्या राष्ट्रांविरुद्ध जे जे काढलंय तोंडातून, ते निवडून, सोपं करून. मास्तरांचा सगळा जन्म त्याच अभ्यासात गेलेला. ते म्हणाले, करतो, पण हे शाप कसे घडत गेले तेही सांगू द्या. ऑफिसवाले म्हणाले, सांगा काय सांगायचं ते, शाप मात्र खणखणीत हवेत. झाली पुस्तिका, सहा फर्म्यांची. फर्मा म्हणजे — एक मोठा कागद, दोन्ही अंगांनी छापलेला, घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. असे सहा एकावर एक रचायचे आणि दाभणानं शिवायचे. प्रत्येकाच्या पाठीवर छापखाना एक काळी खूण देतो, पहिल्याला वर, पुढच्याला जरा खाली, त्याच्या पुढच्याला आणखी खाली, म्हणजे गठ्ठा रचला की पाठीवर खुणांचा जिना दिसतो. एखादा फर्मा राहिला की पायरी तुटते, लगेच कळतं. तर पाच फर्मे होते परक्यांवर. आणि सहावा होता आपल्यावर. म्हणजे ज्यानं शाप दिले त्यानं शेवटी स्वतःच्याच माणसांवर जे उलटवलं ते. तिथंच सगळी माशी शिंकली.

ऑफिसात कुणी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. वाचलं ते छापून झाल्यावर. लगेच मास्तरांना बोलावलं — सहावा काढा. आणि मास्तरांनी मान्य केलं, वहिनी. हो, केलं. सही दिली. मी त्यांना दोष देत नाही, मला कुणाला दोष द्यायची सोयच राहिली नाही. मग चिठ्ठी लिहिली गेली आणि ती मास्तरांच्याच हातात दिली, म्हणाले तुमच्या त्या बाइंडरला पोचवा. आणि ती माझ्यापर्यंत आली नाही. चौकशीला आलेल्या दोघांना मी हेच सांगितलं, तुम्हालाही हेच सांगतो. आली नाही. मला काय कळणार? सहा फर्मे आले, सहा शिवले, दोन हजार प्रती, ट्रकमध्ये चढल्या, गेल्या. आता तिकडे कुठल्याशा खंदकात एकानं शेवटची पानं बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, दुसऱ्यानं ती आईला पत्रात उतरवून धाडली, पत्र वाटेत उघडलं गेलं — आणि माझ्या जिन्यावर तपकिरी बूट. खोटं सांगत नाही, पाचावर धारण बसली माझी. अजून बसलेलीच आहे.

थांबा, जरा ठोकतो. — हं.

इथंच बसायचे हो ते. कॉलेज सुटलं की यायचे, पुस्तक वाजवी दरात बांधून घ्यायचं हे निमित्त, खरं तर बोलायला कुणी नव्हतं त्यांना. आमची ही तिकडे दोरा ओवतेय, मेहुणी घड्या घालतेय, आणि मास्तर सांगतायत. मी म्हणायचो, मास्तर, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला कशाला? ते म्हणायचे, तुमच्याइतकी पुस्तकं कुणाच्या हाताखालून गेलीत? सांगायचे — हे शाप एकदम आभाळातून नाही पडले. आधी मडकी होती. शेजारी मिसरात, म्हणजे इजिप्तात, शत्रूंची नावं मडक्यांवर लिहायचे आणि मडकी फोडायचे. मडकं फुटलं, शत्रू फुटला. मग राजांच्या पदरी संदेष्टे आले. लढाईला निघताना राजा विचारणार, काय होईल? आणि पदरी असलेला माणूस काय सांगणार? जिंकाल महाराज, शत्रूचा निर्वंश होईल. चारशे जण एका सुरात सांगायचे. एखादाच खुळा असायचा उलट सांगणारा, त्याची रवानगी कोठडीत, अर्ध्या पोटी. म्हणजे हे शाप म्हणजे मुळात काय, तर घाबरलेल्या राजाला धीर देण्याचं काम. पगारी काम. मास्तर असं म्हणाले की मी हसलो, म्हटलं, तुम्हालाही आता तेच काम मिळालंय. तेव्हा ते हसले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग म्हणे आला एक मेंढपाळ. तो कुणाच्या पदरी नव्हता. देवळापाशी गर्दी जमवली आणि शेजाऱ्यांचे अपराध मोजायला लागला. आधी दिमिष्क. लोक खूश. मग पलिष्टी, मग सोर, मग अदोम, अम्मोन, मवाब — सगळे शेजारी, चारी बाजूंचे. एकेकाचं नाव निघतंय आणि लोक म्हणतायत बरोबर, असंच पाहिजे, जाळा त्यांना. आणि सगळे संपले असं वाटतंय तोच तो वळतो आणि म्हणतो, आता तुम्ही. तुम्ही गरिबाला चपलांच्या जोडाच्या मोलानं विकता. तुम्हालाही माफी नाही. मास्तर इथं थांबायचे आणि चष्मा पुसायचे. म्हणायचे, विचार करा, त्या जागी उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्याचे हात कसे झाले असतील. मी म्हटलं, मग मारला का हो त्याला? ते म्हणाले, हाकलला. पण शब्द राहिले. त्यात मागाहून कुणी दोन-तीन राष्ट्रं आणखी जोडली असं अभ्यासक म्हणतात — ते तुकडे आखूड आहेत, शेवटची ओळ गळलेली. मी म्हटलं, हे तर आम्ही बोटानं ओळखतो, मध्येच दुसऱ्या गठ्ठ्यातला कागद आला की.

आणि तो दुसरा, सतत रडणारा संदेष्टा — त्याच्या ग्रंथात परक्यांवरचा सगळा भाग हिब्रूत शेवटी येतो आणि जुन्या ग्रीक भाषांतरात मधोमध. राष्ट्रांचा क्रमही वेगळा. पंडित दोनशे वर्षं भांडतायत की खरं कुठलं. मी म्हटलं, भांडताय काय, बाइंडरनं घोळ केलाय. वहिनी, मास्तर इतके हसले, डोळ्यांतनं पाणी काढलं, हिला म्हणाले, तुमच्या नवऱ्याला कॉलेजात घेतो. आता ते हसणं आठवायला नको वाटतं. कारण मंगळवारी मी त्या दोघांना तेच सांगितलं. बाइंडरकडून घोळ होतो साहेब, फर्मे मागेपुढे होतात, यांच्या शास्त्रातसुद्धा झालेत. अडाण्यासारखा हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

पण तो सहावा फर्मा काही मागेपुढे झाला नव्हता, तो जिथं हवा तिथंच होता. त्यात मेंढपाळ होता. त्यात मवाबसाठी रडणं होतं — शत्रू मवाब, त्याला शाप देता देता संदेष्टा स्वतःच रडायला लागतो, म्हणतो माझं काळीज वीणेच्या तारेसारखं थरथरतंय. आणि मिसर. ज्या मिसराला पानंच्या पानं शिव्या, त्याला शेवटी देव माझी प्रजा म्हणतो. सैनिकाच्या खिशात हे कसं ठेवणार? मलाही समजतं की. ऑफिसला ते नको होतं यात नवल नाही. म्हणून तर चिठ्ठीत सरळ लिहिलं, सहावा वगळून बाकीचे बांधावेत, वगळलेल्याचा लगदा करावा, आणि लगदा या शब्दाखाली दोन रेघा, निळ्या शाईच्या—

...

म्हणजे असं ऐकलंय मी. कुणीतरी म्हणालं. ठोकतो जरा.

काय बघताय वहिनी असं? नका बघू. मास्तरही असेच बघायचे, काही न बोलता, वर्गातही तसेच बघत असणार, म्हणून पोरं आपणहून कबूल करत असतील. बरं. बरं, आली होती चिठ्ठी. पण उशिरा आली. शिलाई होऊन गेल्यावर. आता शिवलेलं पुस्तक उसवायचं म्हणजे काय तुम्हाला कल्पना नाही, कागदाला भोकं राहतात, पाठ सैल पडते, कुठलाही बाइंडर करत नाही. मास्तरांनीच सांगितलं होतं ना, तो नदीकाठी हद्दपारीत राहणारा संदेष्टा — सोर शहर बुडणार असं लिहून बसला, आणि ते काही बुडालं नाही. सोळा वर्षांनी त्यानं पुन्हा लिहिलं, सोर राहू दे, त्याऐवजी मिसर. पण पहिलं खोडलं नाही. दोन्ही ठेवलं. मी म्हटलं, शाबास, शिवलेलं उसवलं नाही त्यानं. तसंच हे. शिवून झालेल्याला कोण हात लावतो?

शिवून झालं नव्हतं.

तीनशे झाल्या होत्या. दोन हजारांतल्या तीनशे. दुपारी बाराला मास्तर आले, घाम पुसत, या स्टुलावर बसलेसुद्धा नाहीत. चिठ्ठी दिली. म्हणाले, काढा तो. म्हणाले, मी म्हातारा झालो हो, मला घरचं बघायचंय. इतकंच बोलले. आणि आपले मास्तर ते मास्तरच, म्हणाले, मिळाली म्हणून खाली सही करा, तारीख टाका, वेळ टाका. मी केली. मिळाली, दुपारी बारा, अमुक तारीख, माझी सही. आणि वहिनी — आता हसावं की रडावं — पोच घेतली आणि पोच माझ्याच टेबलावर ठेवून गेले! साऱ्या जन्मात माणसानं एकच शहाणपणाची गोष्ट केली आणि ती इथं विसरला. ऑफिसचा हुकूम, त्याखाली मास्तरांचं मान्य, त्याखाली माझं मिळाली. एका कागदावर सगळं. तो कागद ज्याच्या हातात, त्याच्या हातात मास्तर सुटणं आणि मी अडकणं. म्हणून ते दोघं तीन दिवस विचारतायत, चिठ्ठी कुठाय. मास्तर तिकडे सांगत असणार, बाइंडरला दिली. मी इकडे सांगतो, नाही दिली.

का नाही काढला म्हणता? तुम्ही म्हणत नाही, मीच म्हणतो. झोपत नाही मी, हेच म्हणत असतो. तीनशे उसवाव्या लागतील म्हणून — हे खरं. हिची बोटं सुजली होती, तिला उसव म्हणायला जीभ रेटली नाही — हेही खरं. शेवटपर्यंत कोण वाचतोय, तिथंही कुणी वाचणार नाही — हेही मनात आलं. पण खरं म्हणजे मी वाचला होता तो. घडी घालताना नजर पडतेच. वाचला, आणि मला पटला. आमच्या हिचा भाऊ तिकडे आहे, खंदकात, त्याच्या खिशात हे जाणार. नुसते शापच खिशात घेऊन तो परत आला तर घरात कसा राहील, असं मला वाटलं. एवढंच. मोठं काही नाही. चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली आणि हिला म्हटलं, चालू दे, सहाच. त्या घटकेला मला भीती वाटली नव्हती हो. नवल वाटतं. दाभण चालत होतं, जिना बरोबर दिसत होता, सहा पायऱ्या. बरं वाटत होतं.

भीती मंगळवारी. ते दोघं आले, एक बोलणारा, एक तपकिरी बुटांचा, तो नुसता वस्तू उचलून बघत होता. बोलणाऱ्यानं विचारलं, कोणाचं काम हे? आवाज चढवला नाही, साधं विचारलं. आणि माझं तोंड सुटलं. म्हटलं, छापखान्याला विचारा, त्यांनी छापून पाठवलं. मग म्हटलं, प्रूफं वाचणाऱ्यानं आधी सांगायला नको? मग टेम्पोवाल्याचं नाव घेतलं, म्हटलं गठ्ठे यानंच आणले, यानं एक जास्त आणला असेल. मग — मग आमच्या मेहुणीचं. घड्या ती घालते म्हटलं. तिला अक्षर ओळखता येत नाही, वहिनी, ती कोपऱ्यात उभी होती आणि मी तिच्याकडे बोट केलं. परवा माहेरी निघून गेली, ही तिच्याबरोबर गेली, जाताना दाभण पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं. आणि मग बोलणारा म्हणाला, आणि मास्तर? मी म्हटलं, हो. मास्तर स्वतः आले होते आणि म्हणाले, सहाच्या सहा बांधा, माझ्यावर सोडा. हे म्हटलं मी. माझ्या तोंडानं. त्यांनी लिहून घेतलं. बुधवारी सकाळी मास्तरांना नेलं.

छापखाना, प्रूफवाला, टेम्पोवाला, मेहुणी, मास्तर. मोजा. पाच. मेंढपाळासारखा एकेक शेजारी घेत गेलो मी, चारी बाजूंचे, आणि जिथं वळून आपलं नाव घ्यायचं तिथं गप्प बसलो. सहावा काढून टाकला. ऑफिसला जो कागद काढायला जमलं नाही, तो मी माझ्या तोंडातनं काढला. काल इथं बसून फर्मे रचत होतो, दुसरंच काही, शाळेची वही, आणि पाठीवरचा जिना बघितला आणि हात थांबले. हातोडीपण थांबली. तो खाली उठून उभा राहिला.

थांबा. ... बसला. बसलाय. हळू बोलू आपण.

चिठ्ठी जाळली असं सांगणार होतो तुम्हाला. ठरवून ठेवलं होतं, जाळली, शेगडीत, राख पण नाही. पण आमच्या धंद्यात कागद टाकत नाहीत. पाठीला अस्तर लावायला लागतो, पुठ्ठ्याच्या आत भरायला लागतो. मंगळवारी ते दोघं जिना उतरले आणि माझे हात आपोआप चालले — मास्तरांचं हे पुस्तक शिकंज्यात होतंच, मागचा पुठ्ठा उघडा होता, चिठ्ठी आत ठेवली, वर कोरा कागद खळीनं चिकटवला. दुसऱ्या दिवशी ते झडतीला आले. तपकिरी बुटांनी हे पुस्तक हातात घेतलं, उलटं धरून झाडलं, उलट्या लिपीचं पुस्तक, त्याला काय कळतंय, परत ठेवलं. मास्तरांनी एकदा सांगितलं होतं, राज्य बुडाल्यावर, हातात काठीसुद्धा नसताना, ज्यांना ओढून नेलं त्या लोकांनी बाबेलवर शाप लिहिले, आणि एकानं ती लिहिलेली गुंडाळी दगड बांधून नदीत सोडायला सांगितली. मी विचारलं होतं, बुडवायचा तर लिहायचा कशाला? मास्तर म्हणाले, बुडवला तरी लिहिलेलं असतंच.

खळ ओली आहे म्हटलं ना मी तुम्हाला. मंगळवारची खळ आज ओली कशी राहील? तुम्हालाही वाटलं असेल. आज सकाळी किटलीची वाफ देऊन मी तो कोपरा सोडवत होतो. काढून जाळायला. खरंच जाळायला, वहिनी, शेगडी पेटवली होती, बघा, अजून ऊब आहे. कागदाची कड दिसायला लागली होती, माझी सही दिसत होती — आणि तुम्ही दार वाजवलंत. मला वाटलं तेच आले. कोपरा पुन्हा दाबला, खळ फासली, वजन ठेवलं आणि दार उघडलं तर तुम्ही, ही कापडी पिशवी घेऊन. मग दहा मिनिटं मागितली. पुठ्ठा वाळायला नाही. तुम्हाला पुस्तक द्यायचं, की आधी आतलं काढून मग द्यायचं, हे ठरवायला. तुम्ही पाणी प्यायला आत गेला असतात ना, तर मी काढलं असतं. म्हणून पाणी विचारलं. तुम्ही नको म्हणालात.

रडू नका. आवाज जातो. मलाही— नको. हे घ्या. घ्या म्हणतो ना. पिशवीत तळाशी घाला, वर ती भाजी. हं. मागचा पुठ्ठा, आतल्या बाजूनं, खालचा कोपरा. ओला आहे, नखानं सुटेल, फार ओढू नका, शाई निघते. घरी नका उघडू, घरीही येतील. सरळ वकिलाकडे जा, त्याच्यासमोर उघडा, दोघं साक्षीला ठेवा. ऑफिसात देऊ नका, तिथं कागद हरवतात. मास्तरांचं मान्य वर आहे, माझं मिळाली खाली आहे. वाचता येतं ते. अक्षर वाईट असलं तरी येतं.

एकच मागणं होतं. संध्याकाळपर्यंत थांबलात तर मी हिच्या गावाला जाऊन येतो, एकदा मेहुणीच्या पाया— नाही. थांबू नका. संध्याकाळपर्यंत मी तुमच्या मागे धावत येईन आणि ते परत मागेन, मी ओळखतो मला. आत्ताच जा. जिन्याची तिसरी पायरी वाजते, तिच्यावर पाय देऊ नका. त्याच्याकडे बघू नका, तो बघेल, बघू दे, पुस्तक न्यायला आलेली बाई आहे, बस. मास्तर भेटले तर— काही सांगू नका. चष्मा द्या फक्त.

जा आता. तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ठोकत राहतो. वळलात की थांबवतो.